आवाज कशाबरोबर बदलतो? – गाडीच्या निमित्ताने अनुमानविचार



मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुमानाची चर्चा केली. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले ठरलेले उदाहरण आपण उलटसुलट तपासले. व्याख्यान संपल्यावर काही जणांनी आम्हाला विचारले, हे सगळे ठीक आहे, पण आमच्या रोजच्या जगण्यात डोंगर कुठे आणि धूर कुठे? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज डोंगर सोडून आपण रस्त्यावर येऊ. विषय असा: गाडी चालवताना ‘वींऽऽ’ असा, कण्हल्यासारखा आवाज येतो. तो कुठून येतो हे कसे शोधायचे आणि मग काय करायचे?

आम्ही मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो. पण कारण कसे शोधावे हा आमचा जन्मभराचा विषय आहे, आणि चांगल्या मिस्त्रीशी बोलताना आम्हाला नेहमी जाणवते की तो आणि आम्ही एकाच शास्त्राचे विद्यार्थी आहोत. फरक इतकाच, की त्याचे अनुमान चुकले तर गिऱ्हाईक परत येते. आमच्या व्यवसायात अनुमान चुकले तर मुले ते वहीत उतरवून घेतात.

पहिला प्रश्न कोणता?

आवाज ऐकला की माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘काय बिघडले?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो सर्वांत शेवटी विचारायचा. गाडीत फिरणाऱ्या वस्तू डझनावारी आहेत आणि त्यांतली जवळजवळ कुठलीही कण्हू शकते. नुसत्या आवाजावरून एकदम वस्तूवर उडी मारली, तर आपण अनुमान करत नाही, चिठ्ठी उचलतो. पहिला प्रश्न असा हवा: हा आवाज कशाबरोबर बदलतो?

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली तर्कशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती त्याने सांगितल्या, त्यांतल्या एकीला आपण मराठीत सहचारी परिवर्तनाची पद्धत म्हणतो. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. एक गोष्ट वाढली की दुसरी वाढते, एक घटली की दुसरी घटते, असे पुन्हापुन्हा दिसले तर त्या दोघींत कार्यकारणाचा काहीतरी धागा आहे. आपल्याकडच्या परंपरेत यालाच जवळचा विचार अन्वय-व्यतिरेक या जोडीने केला आहे: ते असेल तेव्हा हे असते, ते नसेल तेव्हा हे नसते. दोन्ही बाजू तपासायच्या. आपण बहुतेक वेळा अन्वय बघतो आणि व्यतिरेक विसरतो.

दोन वेग

आता गाडीकडे या. गाडीत दोन वेगळे वेग एकाच वेळी चालू असतात. एक इंजिनाच्या फिरण्याचा, दुसरा चाकांच्या फिरण्याचा. मधे गिअरबॉक्स आहे, म्हणून हे दोन वेग एकमेकांशी बांधलेले असूनही सारखे नसतात. थोडा हिशेब करू. मध्यम आकाराच्या मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. म्हणजे चाक सेकंदाला १० फेऱ्या मारते. त्याच वेळी इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांनी चालले असेल, तर सेकंदाला ४० फेऱ्या झाल्या. आल्टरनेटरची पुली लहान असते, म्हणून तो इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास.

या आकड्यांचा उपयोग काय? सेकंदाला १० वेळा काही होत असेल, तर कानाला ते ‘धपधप’ किंवा ‘घडघड’ असे ऐकू येते. ‘वींऽऽ’ असा सूर लागायला सेकंदाला काही शे कंपने लागतात. म्हणजे एकतर ती वस्तू फार जोरात फिरत असली पाहिजे, नाहीतर तिला पुष्कळ दात, गोळ्या किंवा खाचा असल्या पाहिजेत. सेकंदाला ४० फेऱ्या मारणाऱ्या गिअरला २० दात असतील, तर दातावर दात ८०० वेळा बसतो. तोच सूर. टायरच्या नक्षीचे ठोकळे, बेअरिंगमधल्या गोळ्या, पंपाची पाती, सगळ्यांचे असेच. सूर ऐकला की ‘पुष्कळ दात किंवा पुष्कळ वेग’ एवढे निश्चित झाले.

तीन साध्या चाचण्या

पहिली चाचणी गाडी उभी करून. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि अॅक्सिलरेटर हळूहळू दाबून इंजिन थोडे रेस करा. आवाज इंजिनाबरोबर चढला-उतरला, तर चाके आणि टायर निर्दोष सुटले, कारण ती फिरतच नव्हती. हा व्यतिरेक.

दुसरी चाचणी रस्त्यावर. सपाट, रिकामा, सरळ रस्ता हवा. ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगाला गाडी क्षणभर न्यूट्रल करा. इंजिनाचा वेग एकदम खाली येतो, चाकांचा जवळजवळ तसाच राहतो. आवाज इंजिनाबरोबर खाली पडला तर तो इंजिनाच्या कुळातला. तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच हळूहळू उतरला, तर चाकांच्या कुळातला. इथे एक गोष्ट बजावून सांगतो. चालत्या गाडीत किल्ली बंद करायची नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते, आणि किल्ली काढली तर स्टिअरिंग कुलूपबंदही होऊ शकते. घाटात तर न्यूट्रलही करायचे नाही. ऑटोमॅटिक गाडी असेल, तर ही चाचणी मिस्त्रीवर सोपवा.

तिसरी चाचणी. समजा ताशी ५० वेगाने जात आहात. तोच वेग कायम ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये ऐका, मग चौथ्यात ऐका. चाके तेवढीच फिरताहेत, इंजिनाचा वेग बदलला. आवाजाचा सूर बदलला की नाही? एखाद्याच गिअरमध्ये आवाज येतो का? येत असेल तर त्या गिअरच्या जोडीकडे बोट जाते.

इंजिनाचे कूळ

आवाज इंजिनाबरोबर चढतो, हे ठरले. आता कुळातला माणूस शोधायचा. पुन्हा तीच रीत: एकेक भार वाढवायचा आणि ऐकायचे.

हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर लावला आणि आवाज वाढला, तर आल्टरनेटरवर संशय. एसी लावल्याबरोबर आवाज सुरू झाला आणि बंद केल्यावर गेला, तर कॉम्प्रेसर किंवा त्याची पुली. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कण्हणे वाढले, आणि गाडीत तेलावर चालणारे जुन्या पद्धतीचे पॉवर स्टिअरिंग असेल, तर आधी तेलाची पातळी बघा. तेल कमी झाले की पंपात हवा शिरते, तेलाला फेस येतो आणि पंप ओरडतो. नुसते तेल भरून भागत नाही, ते गेले कुठे हे बघावे लागते. आजच्या बऱ्याच गाड्यांत विजेवर चालणारे स्टिअरिंग असते. तिथे हे तेलच नसते, तेव्हा ते शोधत बसू नका.

सकाळी गाडी सुरू केल्यावर ‘चींऽऽ’ असा आवाज येतो आणि दोन मिनिटांत जातो, तर बेल्ट घसरत असेल किंवा त्याचा ताण सैल झाला असेल. चालू इंजिनाच्या बेल्टजवळ मात्र हात, ओढणी, पदर, मफलर काहीही नेऊ नका. बेल्ट ठीक असून आवाज सतत येत असेल, तर ताण धरणाऱ्या पुलीचे बेअरिंग.

क्लचचीही एक सुंदर कसोटी आहे. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लच दाबला की आवाज गेला आणि सोडला की आला, तर गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर संशय, कारण क्लच दाबल्यावर तो दांडा थांबतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. एक पाय खालीवर केला आणि दोन शक्यता वेगळ्या झाल्या. अन्वय-व्यतिरेक याहून स्वच्छ कुठे दिसणार?

आणखी एक. आवाज स्पीकरमधूनच येत असेल, रेडिओ बंद केला की जात असेल, तर यंत्राचे बेअरिंग शोधू नका. तो विजेचा गोंधळ आहे, बहुतेकदा म्युझिक सिस्टिमच्या अर्थिंगचा.

चाकांचे कूळ

इथे मुख्य वाद दोघांत असतो, टायर आणि चाकाचे बेअरिंग. दोघेही गाडीच्या वेगाबरोबर घोंघावतात आणि कानाला सारखेच वाटतात.

टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर एक आवाज आणि उतरून डांबरी रस्त्यावर आलात की लगेच दुसरा, तर टायरचा संशय बळावतो. टायरवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर झीज वेडीवाकडी झाली आहे, अलाइनमेंट तपासा. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केल्यावर आवाजाची जागा किंवा जात बदलली, तर तो टायरचाच.

बेअरिंगचा आवाज भाराबरोबर बदलतो. रुंद, मोकळ्या रस्त्यावर हलके वळण घ्या. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डावीकडच्या चाकांवर येते. उजव्या वळणात आवाज वाढत असेल, तर डावे बेअरिंग बघायचे. डाव्या वळणात वाढत असेल, तर उजवे. हा नियम बहुतेक वेळा चालतो, नेहमी नाही. म्हणून पुढची पायरी मिस्त्रीकडे: गाडी उचलून चाक हाताने फिरवायचे, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची खरखर बोटांना कळते. मग चाक वर-खाली धरून हलवायचे, प्ले आहे का बघायला.

आवाज ऐकायला काही जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक उभ्या गाडीत चालू इंजिनाच्या एखाद्या स्थिर भागावर टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. लानेक या फ्रेंच डॉक्टराने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप आला. दोघांची गरज एकच: सगळ्या शरीरात पसरलेल्या आवाजातून एका जागेचा आवाज वेगळा काढायचा. गाडीचा पत्रा आवाज इकडून तिकडे सहज नेतो. आपण आत बसून ‘आवाज डावीकडून येतो’ म्हणतो, त्यावर फार विसंबू नये.

उपाधी म्हणजे काय

आता आमच्या परिचयातल्या एका निवृत्त गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांची पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ताशी ५०च्या पुढे घोंघावू लागली. एका गॅरेजने सांगितले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्च त्यांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढा. गॅरेजवाल्याचे अनुमान असे होते: गिअर झिजला की गाडी चालताना वेगाबरोबर आवाज वाढतो, इथे आवाज वाढतो, म्हणून गिअर झिजला. ऐकायला बरोबर वाटते. पण अग्नी आणि धुराचे आठवा. धूर आहे तिथे अग्नी असतो. उलटे म्हणाल, अग्नी आहे तिथे धूर असतो, तर ते खोटे ठरते. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओले लाकूड लागते. नैयायिकांनी या दडून बसलेल्या अटीला उपाधी म्हटले. व्याप्तीत उपाधी शिरली की अनुमान पडले.

इथे उलटे वाचन तसेच होते. झिजलेला गिअर आवाज करतो हे खरे, पण आवाज करणारा प्रत्येक गिअर नव्हे. म्हणून दुसऱ्या एका मिस्त्रीने गाडी चालवून बघितली. न्यूट्रलमध्ये आवाज तसाच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गिअरमध्ये एकाच वेगाला सूर तोच. म्हणजे गिअरच्या जोड्या सुटल्या. पण तो इथे थांबला नाही, कारण अशा गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतो आणि न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर फिरतो. मग वळणाची चाचणी: उजव्या वळणात आवाज वाढला, डाव्यात जवळजवळ गेला. टायरची अदलाबदल केली, आवाज जागचा हलला नाही. गाडी उचलली, डावे पुढचे चाक हाताला खरखरले. बेअरिंग बदलले, आवाज गेला. खर्च गिअरबॉक्सच्या तुलनेत किरकोळ.

पैसे वाचले, हे बरेच झाले. पण आम्हाला दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी खर्चाला घाबरून ‘नंतर बघू’ म्हटले असते, आणि तसे त्यांच्या मनात होतेही, तर ते बेअरिंग तसेच राहिले असते आणि सगळे कुटुंब त्याच गाडीतून घाट उतरले असते. झिजलेले बेअरिंग आधी नुसते घोंघावते, मग तापते, चाकाला प्ले येतो, आणि फारच दुर्लक्ष झाले तर चाक जाम होऊ शकते किंवा निखळू शकते. चुकीच्या निदानाने खिसा तर रिकामा होतोच, शिवाय खऱ्या कारणाकडे बघण्याची इच्छाही मरते.

दुसरी एक फसवी वाट म्हणजे काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ‘परवा सर्व्हिसिंग केले आणि कालपासून आवाज सुरू झाला.’ हा धागा तपासून जरूर बघा. टायर नवे घातले असतील तर आवाज नवा असणारच, बेल्ट घट्ट केला असेल तर तोही बोलेल. पण ‘नंतर झाले’ यावरून ‘त्यामुळे झाले’ ठरत नाही.

सगळेच कण्हणे रोग नव्हे

रिव्हर्स घेताना बहुतेक गाड्या कण्हतात. पुढच्या गिअरचे दात तिरपे कापलेले असतात, ते एकमेकांत हळूहळू सरकत बसतात. रिव्हर्सचे दात पुष्कळ गाड्यांत सरळ असतात, ते एकदम बसतात आणि ओरडतात. ती रचना आहे, बिघाड नाही. पेट्रोल गाडीत किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून क्षणभर ‘झींऽ’ येते, तो टाकीतला पंप. गाडी चालतानाही तो मोठ्याने ऐकू येऊ लागला, तर दाखवा. टाकी नेहमी तळाशी गेलेली ठेवू नका, कारण पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवते.

उलट, काही खुणा दिसल्या की चाचण्या करायच्या नाहीत, गाडी बाजूला घ्यायची. बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग एकदम जड झाले, इंजिनाचा तापमापक चढला, जळका वास आला, चाकाजवळ हात नेल्यावर एकच चाक फार तापलेले जाणवले, किंवा कण्हण्याचे दळल्यासारखे घरघरणे झाले. अशा वेळी टोइंग बोलवावे.

मिस्त्रीला काय सांगायचे

गॅरेजमध्ये जाऊन आपण म्हणतो, ‘आवाज येतो, बघा जरा.’ आणि गाडी त्याच्या दारात उभी असते तेव्हा ती गप्प असते. मग त्याने काय करावे? तो अंदाजाने एक भाग बदलतो. भाग बदलून बघणे हीसुद्धा चाचणीच आहे, फक्त सर्वांत महाग. म्हणून एक कागद घ्या आणि चार ओळी लिहा. कोणत्या वेगाला सुरू होतो. न्यूट्रल केल्यावर राहतो की जातो. कशाने वाढतो: वळण, एसी, दिवे, चढ. कशाने जातो. शेवटची ओळ सर्वांत मोलाची. आणि त्याला सोबत घेऊन ट्रायल घ्या. आपला आवाज त्याच्या कानाने ऐकू द्या.

*व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले.*

एका ताईंनी विचारले, इलेक्ट्रिक गाडी नेहमीच बारीक ‘वींऽऽ’ करते, ते काय? उत्तर: मोटार फार वेगाने फिरते आणि तिचे गिअर बोलतात. एरवी इंजिनाच्या आवाजात हे झाकून जाते. इंजिनच नसल्यामुळे ते ऐकू येते. नवा आवाज नेहमी नव्या वस्तूचा नसतो, कधी जुना पडदा दूर झाल्याचा असतो. पण तिचा नेहमीचा सूर ओळखून ठेवा. तो बदलला तर दाखवा.

दुसरा प्रश्न आमच्या वयाच्या एका मित्राचा होता: ‘मला तर काहीच ऐकू येत नाही, मुलगा म्हणतो आवाज आहे.’ अहो, वयाबरोबर आधी उंच सूर जातात, हे शरीराचे धर्म आहेत. आपल्याला प्रत्यक्ष नाही म्हणून वस्तू नाही असे नव्हे. अशा वेळी शब्दप्रमाण मानावे, म्हणजे विश्वासू माणसाचे ऐकावे. मुलाला शेजारी बसवा, आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा, आणि किती वेग होता ते त्याने तोंडाने बोलत राहावे. मिस्त्रीच्या दृष्टीने त्या दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगची किंमत मोठी आहे.

पुढच्या वेळी याच शब्दप्रमाणाचा विचार करू: दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास केव्हा ठेवावा, आणि का. तोपर्यंत ज्यांच्या गाडीला आवाज आहे, त्यांनी कागदावरच्या चार ओळी लिहून काढाव्यात.